शहरातली बाग आणि तिची पाखरे

पुण्यातल्या बागेत जाऊन पाखरे पाहा असे म्हटले, तर खेड्यातला माणूस हसल्याशिवाय राहणार नाही. "पाखरे बघायला शहरात कशाला जायचे? आमच्या बांधावर उभे राहा, हवी तेवढी दिसतील," असे तो म्हणेल. त्याचे म्हणणे खोटे नाही. पण त्यालाच उलट विचारून पाहा, की बाबा, तुझ्या बांधावरच्या पाखरांपैकी नावानिशी किती ठाऊक आहेत? कावळा, चिमणी, पारवा, पोपट, साळुंकी, घार, बगळा इथवर गाडी भरधाव जाते आणि पुढे अडखळते. रोज डोळ्यांसमोर असणारी वस्तू आपण बघतो, पण निरखत नाही.

शहरातल्या बागेचा उपयोग इथे होतो. बाग लहान असते, तिला कुंपण असते, आणि चारी बाजूंनी रस्ते, घरे, गाड्या यांनी ती वेढलेली असते. एवढ्याशा जागेत पाखरे टिकली असतील तर ती कशाच्या आधारावर, हा हिशेब तिथे चटकन मांडता येतो. तो एकदा उमगला की गावच्या ओढ्याला, देवराईला, शाळेच्या आवारालाही लागू पडतो. म्हणून हा हिशेब आपण एका बागेच्या निमित्ताने मांडून पाहू.

पुण्याच्या रेसकोर्सजवळची एम्प्रेस गार्डन पुष्कळांनी पाहिली असेल. जानेवारीत तिथे फुलांचे प्रदर्शन भरते. व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब धारण केला तो १८७६-७७ च्या सुमारास; त्या किताबावरून या बागेला नाव पडले. बाग सुमारे ३९ एकरांची आहे. आकाशाला भिडलेले जुने वृक्ष, त्यांवर चढलेले दोरखंडासारखे जाड वेल आणि मधून वाहणारा पाण्याचा ओहोळ असे तिचे रूप आहे. शेतकऱ्याच्या हिशेबाने ३९ एकर म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी खातेदाराची जमीन. पण या एवढ्याशा जमिनीवर राखी धनेशासारखा मोठा पक्षीसुद्धा आढळतो.

पाहायला जायचे तर वेळ कोणती धरावी? आपला देश उष्ण. पाखराच्या अंगाला घाम येत नाही. त्याच्या शरीराची उष्णता मुळातच आपल्यापेक्षा जास्त, सुमारे चाळीस अंश किंवा त्याहूनही थोडी वर असते. ऊन तापले की ते चोच उघडी टाकून धापा टाकते, पंख अंगापासून थोडे सुटे धरते आणि दाट सावलीत गप्प बसते. भर दुपारी कावळा आ वासून बसलेला तुम्ही पाहिला असेलच. ती त्याची अंग थंड करण्याची युक्ती आहे. म्हणून आपल्याकडे पक्षी पाहण्याची खरी वेळ म्हणजे सूर्य उगवल्यापासूनचे दोन तास, आणि नंतर ऊन उतरल्यावरचा एक तास. शहरातल्या बागांची फाटके ठरावीक वेळीच उघडतात, ती वेळ आधी विचारून घ्यावी. सकाळ साधली नाही तर संध्याकाळ धरावी.

आत गेल्यावर पाखरांमागे धावू नये. आधी झाडांकडे पाहावे. ही माझी पहिली सूचना, आणि सबंध लेखाचे सारही तेच आहे. पाखरू आज आहे, उद्या नाही. झाड मात्र जागचे हलत नाही. कोणत्या झाडावर काय आहे हे कळले, की कोण येणार हे आपोआप कळते.

पहिले झाड घ्या उंबराचे. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाला आपण "उंबराचे फूल" म्हणतो, कारण उंबराचे फूल कोणाच्या दृष्टीस पडत नाही. खरे पाहता ते फळाच्या आतच दडलेले असते. उंबर फोडल्यावर आतून जे चिलटासारखे बारीक कीटक उडतात, ते त्या फुलांचे परागण करतात. वड, पिंपळ, पायर, नांद्रुक ही सगळी याच घराण्यातली मंडळी. या घराण्याचा मोठा गुण असा, की याची सगळी झाडे एकाच हंगामात फळत नाहीत. एक झाड आज लदलेले, दुसरे महिन्याने, तिसरे आणखी पुढे. इतर झाडे फळांवाचून उभी असतात तेव्हाही परिसरातल्या एखाद्या वडा-उंबरावर पंगत चालूच असते.

या पंगतीला कोण कोण येते? तांबट येतो. चिमणीहून किंचित मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा त्याचा "टुक टुक टुक" आवाज दुपारच्या शांततेत एकसारखा चालतो, त्यावरूनच त्याला नाव मिळाले. कोकीळ येतो. तो सगळा काळा, आणि त्याची कोकिळा तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची. "कुहू कुहू" करतो तो नर, हे मुलांना जरूर सांगा. बुलबुल, साळुंक्या, पोपट येतात. नशीब असेल तर हरियल दिसते. हरियल म्हणजे पिवळ्या पायांचे हिरवे कबूतर, आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी. ते पानांत इतके बेमालूम मिसळते, की रिकामे वाटणारे झाड टाळी वाजताच थव्याने उडते आणि माणूस थक्क होतो. टाळी वाजवू मात्र नका. मान वर करून पाच मिनिटे स्वस्थ उभे राहा. एखादे पान हलेल आणि त्या पानाला डोळा असल्याचे दिसेल.

या जेवणाची परतफेडही होते. फळाबरोबर पोटात गेलेले बी विष्ठेतून दुसरीकडे पडते. जुन्या वाड्याच्या भिंतीत, देवळाच्या शिखरावर, विहिरीच्या काठात पिंपळ उगवलेला आपण पाहतो. तो तिथे कोणी लावला? पाखरांनी. बांडगुळाचेही तसेच. तुमच्या आंब्यावर बांडगूळ वाढले तर तुम्ही कपाळाला हात लावता. पण त्याच्या चिकट बिया एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेणारा फुलटोचा हा आपल्या अंगठ्याएवढा पक्षी त्या बांडगुळावरच जगतो. बागेत उंच कुठेतरी बारीक "चिक चिक" ऐकू आली, तर आधी बांडगूळ शोधा.

हिशेबातली दुसरी रक्कम म्हणजे म्हातारे झाड आणि त्याची वाळकी फांदी. ही रक्कम सगळेच विसरतात. माळ्याला वाळकी फांदी म्हणजे कचरा वाटतो, लाकूडतोड्याला ते सरपण वाटते, आणि बागेच्या व्यवस्थापकाला धोका वाटतो. वाटेवर झुकलेली फांदी काढलीच पाहिजे, माणसाच्या जिवापुढे दुसरे काही नाही. पण वाटेपासून दूर, कोपऱ्यात उभे असलेले वाळके खोड काढण्याआधी त्यात कोण राहते ते पाहावे. तांबट आपल्या चोचीने मऊ, कुजट लाकडात गोल भोक पाडून घर करतो. सुतारपक्षी असेच घर करतो. त्यांनी सोडलेली घरे मग साळुंकी, दयाळ असे दुसरे भाडेकरू घेतात. पोपट आणि पिंगळा यांनाही पोकळी लागते. जिवंत, टणक, तरण्या झाडात यांतले बहुतेक जण घर करू शकत नाहीत. झाडाचे म्हातारपण म्हणजे पाखरांची चाळ आहे, म्हणा ना!

धनेशाची गोष्ट तर शिक्षकांनी वर्गात सांगण्याजोगी आहे. हा घारीच्या आसपास आकाराचा, राखी रंगाचा, लांब शेपटीचा आणि मोठ्या वाकड्या चोचीचा पक्षी. उन्हाळ्यात मादी जुन्या झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचे तोंड विष्ठेने लिंपून आतून बंद करते. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी ठेवते. आत असताना तिची पिसे गळतात, तिला उडताही येत नाही. अंडी उबवणे, पिले लहानाची मोठी करणे हे सगळे त्या कोंडलेल्या खोलीत. बाहेर नर दिवसभर खेपा घालतो आणि उंबर, वडाची फळे, किडे फटीतून भरवतो. नराला काही झाले, तर आतल्या सबंध कुटुंबाची उपासमार होते. आता असे पाहा, की या संसाराला दोन गोष्टी लागतात: मोठी ढोली असलेले जुने झाड, आणि जवळपास फळणारे वड-उंबर. यांतली एक जरी गेली तरी धनेश गेला. दहा हजार रोपे लावली तरी तो परत यायला त्या रोपांना म्हातारे व्हावे लागेल.

हिशेबातली तिसरी रक्कम अगदी पायाखाली असते, ती म्हणजे पाचोळा आणि झुडपे. सातभाईंची टोळी पाचोळा उलथापालथा करत, एकमेकांशी भांडल्यासारखा कलकलाट करत किडे टिपते. भारद्वाज दाट जाळीतून सावकाश चालत जातो; त्याचे दर्शन आपण शुभ मानतो, पण त्याची जाळी मात्र तोडून टाकतो. शिंपी हा एवढासा पक्षी. रुंद पानाच्या कडा कापसाच्या किंवा कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्याने शिवून तो त्याची पिशवी करतो आणि आत घरटे बांधतो. बागेत पाचोळा रोज झाडून पेटवला, झुडपे छाटून लख्ख जमीन केली आणि वर फरशी बसवली, तर बाग नेटकी दिसेल, पण सातभाई, भारद्वाज आणि शिंपी तिथून बिऱ्हाड हलवतील. सातभाई गेले की पावशाही अडचणीत आला. पेरणीच्या दिवसांत "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणून ज्याची हाक शेतकरी ऐकतो, तो पावशा स्वतः घरटे बांधत नाही. सातभाईंच्या घरट्यात अंडे घालतो. पाचोळ्याचा धागा असा थेट पावशाच्या हाकेपर्यंत जातो.

आता पाहुण्यांकडे वळू. पाऊस सरत आला की बागेतल्या ओहोळाच्या काठाशी करडा धोबी दिसू लागतो. शेपटी सारखी वर-खाली हलवणारा, पोटाशी पिवळा. हा हिमालयाकडून आणि त्याही पलीकडून आलेला असतो. हिवाळ्यात झाडांच्या शेंड्यांत हिरवट रंगाचे वटवटे नावाचे बारके पक्षी येतात. ते दिसतात थोडे, ऐकू येतात जास्त. सोन्यासारखा पिवळाधमक हळद्या आणि लांब रेशमी शेपटीचा स्वर्गीय नर्तक याच दिवसांत दिसण्याचा संभव अधिक. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा, पळस आणि काटेसावर पाने झाडून फुलतात, तेव्हा तर दुर्बिणीचीही गरज नाही. मधाच्या आशेने साळुंक्या, बुलबुल, कोतवाल आणि शिंजीर त्या लाल फुलांवर नुसते तुटून पडतात, आणि पाने नसल्यामुळे एकूण एक पक्षी उघड्यावर दिसतो. नवशिक्याने आरंभ करावा तो याच दिवसांत.

गुरुजींनी विचारावे, "हे सगळे खरे, पण आम्ही मुलांना शिकवायचे कसे?" त्याला फार साहित्य लागत नाही. एक वही, एक पेन्सिल पुरे. आठ पट मोठे दाखवणारी दुर्बीण शाळेत असली तर उत्तम, नसली तर अडत नाही. मुलांना आधी चार मापे द्यावीत: चिमणी, साळुंकी, कावळा आणि घार. नवा पक्षी दिसला की तो चिमणीएवढा की साळुंकीएवढा, हे पहिले टिपायचे. मग चोच पाहायची. पोपटाची चोच म्हणजे अडकित्ता, शिंजिराची म्हणजे बाभळीचा वाकडा काटा, खंड्याची म्हणजे भाला, शिक्र्याची म्हणजे आकडा. चोच पाहून तो काय खातो याचा अंदाज मुले बिनचूक करतात, आणि तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. त्यानंतर शेपटी, रंग, आवाज, आणि तो जमिनीवर चालतो की उड्या मारतो, हे टिपावे. नाव सर्वांत शेवटी. नाव आले नाही तर बिघडत नाही. वर्णन नीट असले की नाव पुस्तकात सापडते.

नोंदवहीत दर वेळी तारीख, वेळ, हवामान, पक्षी, त्यांची संख्या आणि ते कोणत्या झाडावर काय करत होते, एवढे लिहावे. झाडाचा रकाना टाळू नका. महिन्यातून दोन वेळा, त्याच जागी, त्याच वेळी, असे वर्षभर करा. वर्षाअखेर मुलांच्या हाती शाळेच्या आवाराचे एक पंचांग येईल: कोणता पक्षी कधी येतो, कधी जातो, कोणते झाड त्याला पोसते. आणि एक ध्यानात ठेवा. जो पक्षी पूर्वी दिसे आणि आता दिसत नाही, तीसुद्धा नोंदच आहे, आणि पुष्कळदा तीच अधिक मोलाची.

एकाच जागी चिकाटीने पाहण्यात काय सामर्थ्य आहे, याचे उदाहरण आपल्याच कोकणातले आहे. डॉ. सलीम अली यांना १९३० साली नोकरी नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला राहत होते, आणि घराजवळच सुगरण पक्ष्यांनी खोपे बांधायला घेतले होते. त्यांनी ते दिवसच्या दिवस निरखले. खोपा विणतो तो नर. अर्धवट विणून झाला की माद्या येऊन पाहणी करतात. पसंत पडला तरच मादी राहते. आणि मग नर दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. सुगरण हे नाव आपण स्त्रीचे ठेवले, पण विणकर निघाला पुरुष! सुगरणीचे खोपे शेकडो वर्षे आपल्या विहिरींवर लोंबत होते. वहीत लिहून ठेवणारा माणूस मात्र तेव्हा भेटला. पुढे १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. त्यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर, आणि अरण्यवाचक मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. शाळेतल्या नोंदवहीचा आरंभ करायला याहून चांगला मुहूर्त नाही.

अशा नोंदी वाया जात नाहीत, बरे का. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, तो तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी ठेवलेल्या नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा विचार केला आहे. या निरीक्षकांत पगारी शास्त्रज्ञ थोडे. शिक्षक, विद्यार्थी, कारकून, गृहिणी, निवृत्त माणसे असे सामान्य लोकच पुष्कळ. ई-बर्ड नावाच्या व्यवस्थेत मोबाईलवरूनही नोंद पाठवता येते. पण मोबाईल नसला तरी वही आहेच.

दोन-तीन पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. घरट्याजवळ मुलांचा घोळका नेऊ नये; आईबाप बिथरले की घरटे सोडतात आणि आपल्या पावलांमागून कावळा नेमका तिथे येतो. अंडी, पिले हाताळू नयेत. पाखराला बोलावण्यासाठी त्याचा मुद्रित आवाज वारंवार वाजवू नये. त्याला शत्रू आल्यासारखे वाटते आणि विणीच्या दिवसांत त्याची शक्ती उगाच खर्ची पडते. आणि पोपट पकडून पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. गावोगावी हौसेने पाळलेले पोपट दिसतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता हिशेबाची बेरीज करू. बाग ३९ एकरांची. ती पाखरांनी भरली ती तीन गोष्टींमुळे: वड-उंबराचे घराणे, जुन्या झाडांच्या ढोल्या व वाळकी खोडे, आणि पायाखालचा पाचोळा व झुडपे. थोडे पाणी जवळ असले की झाले. यांतले काहीही विकत आणावे लागत नाही. ते फक्त राहू द्यावे लागते.

मग तुमच्या गावाकडे पाहा. सडकेचे रुंदीकरण होते आणि दुतर्फा उभे असलेले वड जातात. बांधावरचा उंबर पिकावर सावली धरतो म्हणून जातो. ओढ्याकाठची जाळी जेसीबीने एका दुपारी सपाट होते. प्रत्येक वेळी कारण सबळ असते आणि प्रत्येक वेळी झाड एकच असते. पण शहराने हीच एकेक झाडे तोडत तोडत मजल कुठवर नेली, ते डोळ्यांसमोर आहे. आज शहरातल्या माणसाला धनेश पाहण्यासाठी कुंपणाच्या आत जावे लागते. खेड्याला अजून कुंपण पडलेले नाही, एवढाच काय तो फरक.

म्हणून गुरुजींना आणि गावच्या मंडळींना एवढीच विनंती आहे. येत्या आठवड्यात एके सकाळी मुलांना घेऊन गावातले वड, पिंपळ आणि उंबर मोजा. कोणत्या झाडाला ढोली आहे ते पाहा. त्या झाडाखाली अर्धा तास न बोलता बसा आणि कोण आले, कोण गेले ते वहीत लिहा. उद्या त्या झाडावर कुऱ्हाड चालवण्याचा विषय ग्रामसभेत निघालाच, तर "झाड तोडू नका" एवढे नुसते म्हणण्यापेक्षा ती वही वाचून दाखवा. झाडावर राहणाऱ्यांची नावे यादीत आली, की तोडणाऱ्याचा हात क्षणभर तरी थांबतो. बाकी काम ग्रामसभेचे.